अक्कांचा तळ्याकाठचा मुक्काम

माझ्या थोरल्या जावंसारखी तयारी करनारी बाई अख्ख्या जिल्ह्यात हुडकून सापडायची न्हाय. आमी त्यांना अक्का म्हनायचाव. आठवड्याच्या बाजाराला निगाल्या तरी संगं दोन दिसाच्या भाकरी, सुई-दोरा अन् काटा मोडला तर काढायला चिमटा. "अवो अक्का, सांजंला तर परत यायचंय," म्हनलं, तर म्हनायच्या, "वाट काय आपल्या बापाची हाय व्हय?" एकदा चुकलेली म्हस हुडकायला घोंगडं, कंदील घिऊन निगाल्या. म्हस घरामागंच रवंथ करीत बसली हुती.

दुष्काळात आमी दोगी जावा तळ्याच्या कामावर हुताव. वरीसभर बांधावर माती टाकली. सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली, पाट्या वाहून टाळूवरलं क्यास गेलं, पर थेंबभर पानी काय तिथं दिसलं न्हाय. पुडं पाऊसकाळ झाला, तळं भरलं, सरकारनं काठाला बाग केली. हे कानावर आलं अन् अक्का उटल्या. "धाकटे, आपन तिथं दोन दिस ऱ्हायाचं. पाल ठोकून. कामाला न्हाय, नुसतं बसायला!"

सासू म्हनली, "पाल ठोकायला आपन जत्रंतलं मिठाईवालं हाव व्हय?" सासरं म्हनले, "ऊस कारखान्याला गेला की जावा."

आता कारखान्याची ऊसतोड काय आपल्या हातात हाय? संक्रांत गेली, शिमगा आला, ऊस रानात उबाच. तिकडं उनानं तळं आटायलेलं. त्या वाटंनं जो येईल त्याला अक्का इचारायच्या, "पानी कुटवर हाय?" एक पाव्हना म्हनला, "बागंच्या पायऱ्या उगड्या पडल्या." त्या दिशी अक्का जेवल्या न्हाईत. पर तयारी थांबली न्हाय. खताच्या पोत्यांचं पाल शिवलं, अंगनात ठोकलं, मला भर दुपारी आत निजवून बगितलं. "पाय बाहीर येतेत गं," म्हनून अजून दोन पोती जोडली. शेंगाची चटनी तीनदा कुटली, कारन दोनदा घरातल्यांनीच संपवली.

शिमग्याच्या मागं एकदाची तोड आली. ऊस गेला अन् दुसऱ्याच दिशी आमी गाडी जुपली. गाडीत पाल, सरपन, भाकरी, अन् फडकं बांधलेल्या पान्याच्या दोन घागरी. तळ्यावर उतरलाव तर तितला माळी हसून हसून खाली बसला. "मावशी, तळ्याला पानी आनलं व्हय?" अक्कांनी घागरीकडं बगितलं, माज्याकडं बगितलं. घागर न घेता घर सोडायचं आमाला ठावंच न्हवतं.

तळं निमं उरलं हुतं. पर हुतं. अक्का गुडग्यापतुर आत गेल्या अन् बांधाकडं बगत उब्या ऱ्हायल्या. म्हनल्या, "आपली माती पानी धरतीय गं."

दुसऱ्या दिशी निगायची येळ झाली तरी त्या काठावरनं हलंनात. मग पाल म्या सोडलं, गठुडी म्या बांधली, बैलं बी जुपली. हाक तेवडी मारली न्हाय. बसू दिलं अजून उलसा येळ.