नऊ ओळींची यादी

राजानंद खोब्रागडेचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. जर्मनीत, कार्ल्सरूहेत पंचवीस वर्षं काढली, पण स्वभावाला औषध नाही ते नाहीच. शेजारच्या जर्मन आजोबांनी परसातले टोमॅटो आणून दिले, तर हा बायकोला, कांताला, म्हणतो, "पंधरा वर्षं नाही सुचलं, आणि आत्ताच कसं सुचलं? काहीतरी काम असणार." कांतानं त्या टोमॅटोंची चटणी केली आणि यानं ती दोनदा मागून खाल्ली, तो भाग वेगळा.

अशा माणसाला गेल्या फेब्रुवारीत विद्यापीठातून ईमेल आला. डॉक्टर वेल्टे नावाच्या कुणी बाई जुन्या जर्मन सर्च इंजिनांवर संशोधन करत होत्या. 'फिंडलिंग' नावाच्या अशाच एका कंपनीच्या जुन्या डिस्क त्यांच्या हाती लागल्या होत्या आणि त्यांतल्या नोंदी कुणालाच नीट वाचता येत नव्हत्या. त्या वेळी तुम्ही तिथे इंजिनिअर होतात, येऊन समजावून सांगाल का, असं अगदी आर्जवानं विचारलं होतं.

झालं! राजानंदची झोप उडाली. या बाईला आपलं नाव कुणी दिलं? तेवीस वर्षांनी त्या नोंदी हव्यात कशाला? त्यानं विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र मागितलं, ते आलं. मग मुलीला, मैत्रीला, बाई खरी की खोटी ते तपासायला लावलं. मैत्री मराठी समजते पण बोलते जर्मन. तिनं पाच मिनिटांत बघून सांगितलं, "पापा, दी इस्ट एश्ट," म्हणजे बाई खरी आहे, उगाच जीव खाऊ नका.

पण भीती बाईची नव्हतीच. भीती त्या नोंदींची होती. त्यांच्याच जोरावर राजानंदनं आपल्या सख्ख्या मित्राला देशोधडीला लावलं होतं. यशपाल चोर होता, आपण केलं ते योग्यच केलं, असं तो इतकी वर्षं स्वतःला बजावत आला होता. आणि आता त्या डिस्क कुणीतरी उघडून बसलं होतं.

यशपाल रामटेके आणि राजानंद नागपूरच्या कॉलेजातले. एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले आणि अठ्ठ्याण्णव साली एकाच विमानानं जर्मनीत उतरले. फिंडलिंग तेव्हा सायकलच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत होतं. इंटरनेट नवंनवं होतं, कुठे काय आहे ते कुणाला ठाऊक नसायचं. फिंडलिंगमध्ये सहा बायका दिवसभर वेबसाइटी वाचून त्या विषयवार लावायच्या आणि राजानंद-यशपालचं मशीन उरलेलं जग चाळायचं. लोकांना ते इतकं आवडलं, की दीड वर्षात तीन खोल्यांची चार मजली इमारत झाली. फिंडलिंगचं नाव छापलेले बिअरचे ग्लास निघाले. स्वागतकक्षात मोठा पडदा लावला होता आणि त्यावर देशभरातले लोक या क्षणाला काय शोधतायत ते सरकत जायचं. कुणी पाठदुखीवर उपाय शोधतंय, कुणी पळून गेलेलं मांजर, कुणी घटस्फोटाचा वकील. पाहुणे आ वासून बघत उभे राहायचे.

राजानंदही बघायचा. त्या पडद्यासमोर उभं राहूनच त्याचं एक मत पक्कं झालं: माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण शोधताना खोटं बोलत नाही. मालक ब्रेंडलेसाहेबांना हे वाक्य भारी आवडायचं. सगळे शोध नोंदींत उतरायचे. एका शोधाची एक ओळ: किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवरून आणि काय शोधलं. या नोंदी चाळता येणारे कंपनीत दोघंच होते, राजानंद आणि यशपाल.

मग अमेरिकेतून ते दुसरं इंजिन आलं. पांढरं पान, मधोमध एक रिकामी पट्टी, बाकी काही नाही. आणि हवं ते पहिल्या फटक्यात सापडायचं. यशपाल पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "राजा, आपलं काही खरं नाही रे." ब्रेंडलेसाहेबांनी मात्र भलतंच केलं. फिंडलिंगच्या पहिल्या पानावर राशिभविष्य आणलं, हवामान आणलं, लॉटरीचे आकडे आणले. दाराशीच एवढं सामान मांडलं, की आत शिरायला वाट उरली नाही. लोक हळूहळू निघून गेले. आणि आपण मागे पडलोय हे मान्य करण्यापेक्षा कुणीतरी आपलं चोरलंय असं म्हणणं केव्हाही सोपं! गार्चिंग नावाच्या गावात 'ट्रेफर' नावाची एक तसलीच छोटी कंपनी होती. तिचे निकाल आपल्यासारखेच दिसतात, म्हणजे आपलं शोधाचं सूत्र कुणीतरी तिथे पोचवतंय, असं साहेबांच्या डोक्यात बसलं.

२००१ च्या मार्चमध्ये त्यांनी राजानंदला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं. "तर मग, हेर खोब्रागडे, या इमारतीत माझा फक्त तुमच्यावर विश्वास आहे."

हे ऐकून हा फुगला, काय सांगू! ज्याचा स्वतःचा कुणावर विश्वास नाही, त्याच्यावर कुणी विश्वास टाकला की असं होतं. त्यानं नोंदींना चाळणी लावली: ऑफिसच्या आतून केलेले आणि 'ट्रेफर' हा शब्द असलेले शोध तेवढे दाखव. नऊ ओळी निघाल्या. ट्रेफर नोकरी. ट्रेफर गार्चिंग पत्ता. ट्रेफर इंजिनिअर पगार. नऊच्या नऊ शनिवार संध्याकाळच्या आणि नऊच्या नऊ यशपालच्या कॉम्प्युटरवरून.

दोन दिवस ती यादी खिशात घेऊन तो फिरला. यशपालशी बोलताना त्याचा चेहरा निरखत राहिला. यशपाल हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. तिसऱ्या दिवशी यादी साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी यशपालला बोलावून ती दाखवली. तो वाचून एवढंच म्हणाला, "मला काही बोलायचं नाही." गप्प राहिला म्हणजे चोरच की, असं राजानंदनं ठरवून टाकलं. यशपालची नोकरी गेली. इथे राहण्याचा परवाना नोकरीवरच टांगलेला आणि त्या वर्षी या धंद्यात कुणी कुणाला दारात उभं करत नव्हतं. जूनमध्ये तो नागपूरला परत गेला. इथल्या विद्यापीठात ऑक्टोबरपासून त्याची पीएचडी सुरू व्हायची होती, तीही गेली. आजतागायत तो तिथे कॉम्प्युटरचा एक खासगी क्लास चालवतो.

कांताला राजानंदनं एवढंच सांगितलं, की यशपालनं कंपनीचा माल विकला. यादी काढली कुणी, हे सांगितलं नाही. कांता तोंडाला पदर लावून म्हणाली, "यशपालभाऊजी? शक्यच नाही!" पण नवरा ठामपणे सांगतोय म्हटल्यावर तिनंही मन घट्ट केलं. भाऊजी निरोप घ्यायला आले तेव्हा तिनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आणि इतकं करून झालं काय? पुढच्याच वर्षी आधी ट्रेफर बंद पडली आणि चार महिन्यांनी फिंडलिंग. राजानंद गाड्यांच्या एका कंपनीत लागला. यशपालचा मात्र दर बुद्धपौर्णिमेला मेसेज येतो. जय भीम, वहिनींना नमस्कार सांग. राजानंद तो तीनतीनदा वाचतो. हा अजून का लिहितो? याला हवंय तरी काय?

तर शेवटी तो विद्यापीठात गेला. जायलाच हवं होतं. आपण नसताना त्या बाईनं ती यादी वाचून भलताच अर्थ लावला तर? वेल्टेबाई तिशीच्या, हसऱ्या. आढेवेढे न घेता त्यांनी सांगितलं, की ब्रेंडलेसाहेब वारले, त्यांच्या पत्नीनं तळघरातल्या डिस्क विद्यापीठाला दिल्या आणि राजानंदचं नावही साहेबांच्याच वहीत मिळालं. राजानंदनं रकाने समजावून दिले. ही वेळ, हा कॉम्प्युटर, हा शोध. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत बाईंनी सगळं टिपून घेतलं. मग त्या कॉफी आणायला गेल्या आणि राजानंद स्क्रीनसमोर एकटा उरला.

त्यानं मार्च २००१ मधला, यादीतला शेवटचा शनिवार उघडला. चाळणी लावली नाही. खरं म्हणजे ती लावायची असते हे बाईंच्या प्रोग्रॅमला ठाऊकच नव्हतं. त्यानं आख्खी संध्याकाळ पहिल्यांदाच सलग समोर मांडली.

यशपालचा कॉम्प्युटर. पाच वाजून दहा: प्रेशर कुकरची रबरी रिंग, कार्ल्सरूहे. पाच चौदा: भंडारा हवामान. पाच वीस: ट्रेफर नोकरी. पाच बावीस: ट्रेफर इंजिनिअर पगार. पाच एकतीस, इंग्रजीत: कंपनी बंद पडली तर माझ्या नवऱ्याच्या व्हिसाचं काय होतं.

माझ्या नवऱ्याच्या. यशपाल तेव्हा बिनलग्नाचा होता. आणि भंडाऱ्याला माहेर होतं कांताचं.

राजानंदनं ती ओळ पुन्हा वाचली. त्यानं मागचे शनिवार उघडले. तेच. कुकर, भंडारा, मेथीचं बी, ट्रेफर. शनिवारी तो स्वतः खाली सर्व्हरच्या खोलीत काम करत बसायचा आणि कांता डबा घेऊन यायची. तो वर येईपर्यंत ती कुठे बसते, काय करते, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. जन्मभर शोधाचं काम केलेला हा माणूस! चाळणीतून नऊ ओळी खाली पडल्या, त्या याला खऱ्या वाटल्या. वरची ओळ, खालची ओळ वाचायचं याच्या मनातसुद्धा आलं नाही. बाई कॉफी घेऊन आल्या तेव्हा तो कोट घालून दारात उभा होता.

घरी कांता भाजी निवडत होती. त्यानं बूटही काढले नाहीत.

"शनिवारी ऑफिसात येऊन तू यशपालच्या कॉम्प्युटरवर बसायचीस?"

"हो. तेच म्हणायचे, वहिनी, बसा, घरी मेल करा. आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहायचे. अहो, पण हे आज कुठून काढलंत?"

"ट्रेफरची नोकरी तू शोधत होतीस?"

कांता थोडी ओशाळली. "मग काय करायचं? तुमची कंपनी बुडत होती ते सगळ्या गावाला दिसत होतं, तुम्हाला सोडून. तुमच्यासाठीच शोधत होते मी. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, तुला कुणी पढवलं?"

अगदी हेच म्हणाला असता तो. मग त्यानं खाली बसून सगळं सांगितलं. नऊ ओळी, खिशातली यादी, साहेबांची केबिन. कांता ऐकत होती. हातातली मेथीची जुडी तिनं हळूच खाली ठेवली.

"म्हणजे भाऊजींना तुम्ही काढलंत? माझ्यामुळे?" तिचा आवाज चढला. "आणि मला सांगितलंत ते चोर आहेत! मी त्यांना दारातून परत पाठवलं हो! उन्हात उभे होते ते, हातात बॅग. पाणीसुद्धा नाही विचारलं मी." ती रडायला लागली. राजानंदनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला. "मला हात लावू नका. आधी त्यांना फोन करा. आत्ता. माझ्यासमोर."

नागपूरला दुपारचे साडेतीन झाले होते. कांतानं नवऱ्याच्या फोनवरून स्वतः नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"जय भीम!" यशपालचा आवाज आला. मागे क्लासमधल्या मुलांचा गलका होता. "अरे राजा, तू? सूर्य कुठून उगवला?"

राजानंदनं फोन जवळ ओढला. बोलायला घेतलं, चाचरला, पुन्हा घेतलं. ती यादी मी काढली होती, असं एकदाचं तोंडातून बाहेर पडलं.

"ठाऊक आहे मला," यशपाल म्हणाला. "ती यादी काढता येणारे आपण दोघंच होतो. आणि मी काढली नव्हती."

"आणि ते शोध... ते कांतानं..."

"तेही ठाऊक होतं. साहेबांनी कागद समोर ठेवला तेव्हाच कळलं. बाहेरचं माणूस कंपनीच्या मशीनवर बसलं हे कळलं असतं तर तुझी नोकरी गेली असती आणि परवानाही. मैत्री पोटात होती वहिनींच्या. मी एकटा जीव."

कांतानं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. आणि अशा वेळीसुद्धा, काय म्हणावं याला, राजानंदच्या डोक्यात आलं, हा इतका शांत कसा बोलतो? याला नक्की काय हवंय? आणि तो विचार आल्याबरोबर त्याला स्वतःची अशी किळस आली, की त्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

"एकच विचारतो राजा," यशपाल म्हणाला. "माझी खोली तुझ्या घरापासून ट्रामचे दोन स्टॉप होती. यादी साहेबांकडे न्यायच्या आधी तू मला का नाही विचारलंस?"

कांता नवऱ्याकडे बघत होती. खोटं बोलायला आता जागाच नव्हती.

"मला वाटलं, तू खोटं बोलशील," राजानंद म्हणाला.

"बोललोच असतो रे," यशपाल म्हणाला. "तुझा स्वभाव ठाऊक असताना वहिनींचं नाव थोडंच घेतलं असतं मी?"