डबाबंद बैलाला आवतन

मी कारंज्याहून निघाले त्या सकाळी बाबा दुकानातच होते. नागपूर-अमरावती हायवेला लागून आमचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. बाहेर विमानतळाला जायची गाडी उभी, आईच्या डोळ्यांना पदर, आणि बाबा एका ड्रायव्हरला चाकावरच्या कमानपाट्याचा बोल्ट शोधून देत बसलेले. बोल्ट सापडेपर्यंत माझी गाडी थांबली. मग हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "जाजो. काही अडलं तं फोन करजो, नाई अडलं तरी करजो." मला इतका राग आला होता की नागपूर येईपर्यंत मी धड बोलले नाही. लेक सातासमुद्रापार चालली आहे आणि बापाला गिऱ्हाईक सुटत नाही.

तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांना वाटतं, आम्ही निघालो म्हणजे सुटलो. आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना माहीत आहे की पहिल्या हिवाळ्यात माणूस कशाकशाला धरून राहतो. कॅनडातल्या एडमंटनच्या त्या थंडीत माझी बस चुकली आणि मी ऊब घ्यायला म्हणून खेळण्यांच्या दुकानात शिरले. समोर फळीवर एक ट्रक. डब्यावरच्या चित्रात तोच ट्रक उभा राहून रोबोट झालेला. आयुष्यभर ट्रक बघत वाढलेली पोरगी मी, पण ट्रकला हातपाय फुटलेले पहिल्यांदा पाहिले. घेतला. भाड्याच्या खोलीत राहत होते, दर काही महिन्यांनी सामान बांधावं लागे, म्हणून उघडला नाही. बारीकसारीक भाग हरवले तर काय करा?

तिथून जे सुरू झालं ते काही थांबलं नाही. या छंदात एक मानाची चीज असते, तिला म्हणतात स्टोअर एक्सक्लुझिव्ह. म्हणजे एखादा रोबोट एकाच साखळीच्या दुकानांत मिळणार, मोजकेच मिळणार, आणि डब्यावर त्या दुकानाचा गोल स्टिकर असणार. स्टिकर शाबूत आणि डबा बंद, तरच मान. डबा फोडला की संपलं. माझ्याकडे असे एकेचाळीस झाले. तळघरात फळ्या ठोकल्या, दिवे लावले. माझा नवरा नीलेश विचारतो, "हे म्युझियम आहे की गोदाम?" मी लक्ष देत नाही. जगभरच्या संग्राहकांचा आमचा एक ग्रुप आहे, तिथे माझ्या शब्दाला वजन आहे. आणि खरं सांगते, एकेचाळिसांपैकी एकालाही मी कधी हात लावून बदललेलं नव्हतं. ट्रकचा रोबोट कसा होतो हे मला चित्रापुरतंच ठाऊक.

बेचाळिसावा होता बैल. रोबोटचा बैल होणारा, काळा, सोनेरी शिंगांचा. माणशी एकच देणार होते, म्हणून दुकान उघडायच्या आधीपासून बर्फात रांगेत उभी राहिले, पायाची बोटं बधिर झाली, पण मिळाला. तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे इकडच्या श्रावणात, भारतात यायचं ठरलं तेव्हा तो बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला. बाबांना दाखवीन आणि जसाच्या तसा परत नेईन, असा हिशेब.

पण या खेपेला मला खरं हवं होतं ते वेगळंच. माझी ईरा नऊ वर्षांची आहे. मागच्या वेळी आली तेव्हा तीन वर्षांची होती, तिला काही आठवत नाही. मला एवढंच हवं होतं की तिनं कारंज्यात पाहुणी म्हणून वावरू नये. आणि नेमकं तेच होत होतं. आलंगेलं प्रत्येक माणूस मला विचारी, "तिले तिखट चालते का वो?" गल्लीतल्या पोरी तिला कॅनडावाली म्हणत आणि खेळताना तिची पाळी आधीच देऊन टाकत. लाड केला की परकं झालंच समजा. पोरगी खुर्चीच्या कडेवर बसून राही. माझा जीव तुटे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वहिनीबरोबर केळझरच्या गणपतीला गेले होते. आमच्याकडे त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून शिणलेल्या बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेतीचे घरचे बैल विकून ट्रॅक्टर आल्यापासून आईच्या हाताला हे कामच उरलं नव्हतं. मी परत आले आणि दारातूनच पाहिलं. देवघरासमोर पाटावर माझा बेचाळिसावा उभा. खांदे तुपानं चकाकत होते, कपाळावर कुंकू, शिंगांना बेगड. डबा उभा चिरलेला, स्टिकरचे दोन तुकडे. आतला पारदर्शक ट्रे आईनं धुऊन घेतला होता आणि त्यात लिंबं ठेवली होती.

"आई, तो फोडायचा नव्हता."

"काऊन? पोळ्याले बैल कोंडून ठेवतेत का?" आई म्हणाली. "इतक्या दुरून आला बिचारा. वशिंड नाई त्याले, पण चालते."

मी भांडले. चांगली भांडले. याची किंमत कळते का, मी रांगेत कशी उभी राहिले माहीत आहे का, सगळं काढलं. आई तुपाचे हात पदराला पुसत राहिली. मग मी खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळानं बाहेरून ईराचं हसणं ऐकू आलं. आल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं हसली होती. डोकावून पाहिलं तर बाबा आणि ती ओसरीवर मांडी घालून बसलेले, मधे बैल. माहितीपत्रक इंग्रजीत, ते बाबांनी बाजूला सारलं होतं. ते अंगठ्यानं एकेक सांधा चाचपत होते. आयुष्य नटबोल्टात गेलेला माणूस, त्याला कुठला भाग कुणीकडे फिरेल हे बोटांनाच कळत होतं. "हे इकडून नाई फिरत, पोरी. जोर नको करू. आधी मान उचल." अर्ध्या तासात बैल दोन पायांवर उभा राहिला. माझ्या संग्रहातला रोबोट होताना मी पाहिलेला हा पहिला. राग कुठं गेला कळलं नाही. मी जाऊन त्यांच्यात बसले.

पोळ्याला बैलानं पुरणपोळी खाल्ली, म्हणजे त्याच्यासमोर ठेवली आणि ईरानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं आपापले लाकडी नंदी सजवून मैदानात तोरणाखाली आणतात, निवाडा होतो, बक्षिसं असतात. ईरा म्हणाली, "मी आपला नेणार." आपला म्हणाली. बाबांनी लगेच एका लाकडी पाटीला जुन्या बेअरिंगची चाकं लावली आणि त्यावर बैल बसवला. ईरानं दोरी धरली.

मैदानात नावं लिहिणारे मंडळाचे काका चष्म्यातून बैलाकडे बघत राहिले. म्हणाले, "हा फॉरेनचा आहे. गावचा नंदी पायजे." मग ईराकडे बघून अगदी प्रेमानं म्हणाले, "पोट्टी पाहुणी आहे, तिले आपण खास बक्षीस देऊन टाकू." ईराच्या हातातली दोरी सैल झाली. तिला भाषा सगळी कळते. माझं डोकं असं भडकलं की तोंडात इंग्रजी आली, मराठी आली आणि धड एकही वाक्य निघालं नाही.

तेवढ्यात आई पुढे झाली. गावातल्या कार्यक्रमात मोठ्यानं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "भाऊजी, त्याच्या खांद्याले हात लावून पाहा. तूप मी लावलं. आवतन मी देल्लं. काल आमच्या घरी जेवला तो. आता तुम्ही सांगा, हा कोणाच्या घरचा बैल?"

काकांनी खरंच बोट लावून पाहिलं. खांद्याच्या सांध्यात हळद मुरली होती, ती बोटाला लागली. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि मान डोलावली. "अन् पोट्टी?"

"तिलेबी मीच जेवाले घालून राह्यली."

मागे हशा पिकला. काकाही हसले आणि त्यांनी वहीत नाव लिहिलं. मग ईराची पाळी आली, या वेळी तिच्या नंबरानं, तेराव्या. तोरणाखाली ती पाटी घेऊन गेली, बैलाची मान उचलली, पाठ उलगडली, आजोबांनी शिकवलं तसं कुठेही जोर न करता, आणि बैल सगळ्या कारंज्यासमोर दोन पायांवर उभा राहिला. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्या शिट्ट्या मी जन्मात विसरणार नाही. पहिलं बक्षीस एक दप्तर आणि पाण्याची बाटली. भोंग्यावरून नाव पुकारलं, ईरा, मुक्काम कारंजा. बाबा दुकान बंद करून आले होते, तेही भर दुपारी, आणि शेजारच्या माणसाला सांगत होते की नात आहे.

एडमंटनला परतल्यावर मी बैलाचा फोटो ग्रुपवर टाकला. डबा नाही, स्टिकर नाही, सांध्यांत पिवळं. दोघातिघांनी हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्या दिवशी इतका गर्व वाटला, जितका एकेचाळीस बंद डब्यांनी मिळून कधी दिला नव्हता. इतकी वर्षं मी घर म्हणजे काय ते शोधत होते आणि स्वतःला जपून, कुठे चरा न पडू देता ठेवत होते. घर ती जागा आहे जिथं तुम्हाला न विचारता कुणी तरी खांद्याला तूप लावतं.

ग्रुपवरच्या एका भल्या माणसानं लिहिलं की तो पिवळा डाग काढायचं एक द्रावण मिळतं, पत्ता पाठवू का. मी लिहिलं, राहू द्या, आमच्या घरचा बैल आहे.