चेन ओढणारीला कळतं

आमच्या घरी कपडे एक नंबर मोठेच घेतात. शाळेचा युनिफॉर्म, चपला, दिवाळीचा ड्रेस, सगळं वाढत्या अंगाचं. मी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, अंग वाढायचं केव्हाच थांबलंय, तरी आई कोलशेतच्या दुकानात कुर्ता माझ्या पाठीला लावून बघते आणि म्हणते, "जरा सैल घे गं. घट्ट कपडा अंगाला काचतो." चांगला कपडा म्हणजे सैल कपडा, यात तपासून बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचा डायव्हिंग क्लब आहे. कल्याणच्या पलीकडे एक बंद पडलेली दगडखाण पाण्याने भरली आहे, तिथे आमचा सराव चालतो. उन्हाळ्यात विभाग पहाडातल्या एका थंड तळ्याच्या तळाचा अभ्यास करायला जाणार होता. मुलींपैकी एकीलाच नेणार, हे क्लब चालवणाऱ्या सरांनी आधीच सांगितलेलं. क्लबात मुली दोघीच होतो. मी आणि एमएस्सी करणारी एक सीनियर. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही म्हणायचे.

माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मला प्रश्न विचारायची भीती वाटते. विचारलं की आपल्याला काय काय माहीत नाही ते सगळ्यांना दिसतं. ताईला मात्र विचारता येईल असं मला वाटायचं. का, ते आता सांगता येत नाही.

डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा खोल उतरणार होतो. खाणीतलं वरचं पाणी ठीक असतं, पण एका थराखाली एकदम गारठा लागतो. क्लबच्या पेटीतून आपापला वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, निवडायचा होता. पहिला मी कसाबसा चढवला तर श्वास कोंडल्यासारखा झाला. दुसऱ्यात हात मोकळे हलत होते.

"कसा वाटतोय?" ताईने विचारलं.

"कम्फर्टेबल आहे, ताई."

"मग झालं तर. घे हाच."

वेटसूटची चेन पाठीवर असते, ती दुसऱ्या कोणालातरी ओढावी लागते. माझी तिने ओढली. मध्ये, कमरेच्या जरा वर, तिचा हात थांबल्यासारखा वाटला. मग चेन वर गेली आणि तिने माझ्या खांद्यावर थाप मारली.

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर आपल्या उबेने तापतो आणि तिथेच राहतो, त्यावर सगळं चालतं. सूट सैल असला की प्रत्येक हालचालीला तापलेलं पाणी बाहेर जातं आणि थंड आत येतं. त्या गार थराखाली गेल्यावर माझ्या पाठीवर जणू कोणी थंड पाण्याचा तांब्यामागून तांब्या ओतत होतं. तोंडातली नळी दातांत धरवेना. सरांनी मला वर नेलं.

काठावर टॉवेल गुंडाळून बसले होते तेव्हा ताई मुलांना सांगत होती, "अरे, तिच्या पाठीत माझी अख्खी मूठ मावत होती! नऊवारी नेसून उतरली असती तरी चाललं असतं." मुलं हसली. मीही थोडी हसले.

परतीच्या टेम्पोत कळवा आलं तेव्हा ते वाक्य मला नीट ऐकू आलं. मूठ मावत होती. म्हणजे पाण्यात उतरायच्या आधीच तिला माहीत होतं. जागा एक आणि मुली दोन.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवली. ती पायात प्लास्टिकची पिशवी घालते, म्हणजे सूट घोट्यावरून सरकतो. मांड्यांशी पक्का बसल्याशिवाय वर ओढत नाही. मग उकिडवी बसते, हात डोक्यावर नेते, काखेत घडी पडते का बघते. मानेशी बोट जेमतेम शिरतं का, पूर्ण श्वास घेता येतो का, तेही बघते. कोरड्या जमिनीवर नकोसा वाटणारा सूट पाण्यात गेल्यावर आपला होतो, हे मी पेटीतला एकेक सूट अंगावर चढवून शिकले. सगळी विद्या तिचीच होती. मी ती तिला न विचारता घेतली.

आणखी एक लक्षात आलं. आमचं माप एकच होतं, आणि त्या मापात नीट बसणारा जाड सूट एकच होता, बाहीवर निळा पट्टा असलेला. तो क्लबचा होता, पण वापरायची तीच.

जानेवारीत निवडीची डाइव्ह होती. मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि निळ्या पट्ट्याचा सूट चढवून बसले. सरांनी चेन ओढून दिली.

ताई आली. "अगं, तो माझा आहे."

"क्लबचा आहे ना, ताई?"

"काचेल तुला."

"काचतोय."

"सर, बघा ना ही!"

सर सिलिंडर तपासत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "जो आधी येईल तो आधी घेईल. तुमचाच नियम आहे."

आमच्या मापाच्या जवळचा आता सैल सूटच उरला होता. तिने तो चढवला. सर सिलिंडर घेऊन काठाकडे गेले होते, चेन ओढायला माझ्याशिवाय जवळ कोणी नव्हतं. मी ओढली. कमरेच्या वर माझी मूठ सहज आत गेली. ती मी तिथे थोडा वेळ ठेवली, म्हणजे तिलाही कळावं. मला वाटतं, मी बोलेन याची ती वाट बघत होती.

खाली सर आम्हा दोघींच्या मध्ये होते, त्यांचा मदतनीस मागे. तिने बराच वेळ गारठा सोसला. मग दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळले, ती थंडीची खूण, आणि सरांच्या मदतनिसाने तिला वर नेलं. मी मान वर करून तिचे पाय लहान होत जाताना बघितले. तेवढा आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. मग सरांनी दिलेलं काम मी पूर्ण केलं.

वर आल्यावर सर म्हणाले, "उन्हाळ्याची तयारी कर."

ताडपत्रीच्या आडोशाला कपडे बदलायला गेले. ताईचा सूट केव्हाच निघाला होता, सैलच तो. माझा ओला सूट खांद्यावरून हलेना. बोटं बधिर झालेली. कोरडे कपडे घालून ती समोर उभी होती, ओठ अजून निळसर.

"बाही ओढू का?" तिने विचारलं. आवाज साधा होता.

"नको."

"एकटीने नाही निघायचा तो."

"नको म्हटलं ना, ताई."

ती बाहेर गेली. सूट काढता काढता माझी दोन्ही कोपरं सोलून निघाली. टेम्पोचा हॉर्न वाजत राहिला, मी कोणालाही हाक मारली नाही.