प्रिंटरमधल्या अक्षता
कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला केजकडच्या आमच्या दूध संस्थेतली ती दुपार आठवते. दुष्काळ होता, गाव टँकरवर, त्यामुळं संस्थेचा कुलर कोरडाच पडून असायचा. तिथला कॉम्प्युटर मी सांभाळायचो, रोज रुमालानं पुसायचो. गुढीपाडव्याच्या पूजेत चेअरमननी त्याला हळदकुंकू लावलं आणि प्रिंटरवर मूठभर अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पावत्या निघेनात. "आत तांदूळ गेलाय, मी खोलून बघतो," मी म्हणालो. "हात लावू नको बे, लई महागाची चीज हाय ती," असं म्हणून चेअरमननी बीडहून इंजिनिअर बोलावला. माझ्याच वयाचा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याच्यासाठी शिपायानं कुलरमध्ये भरल्या घागरी ओतल्या आणि मला माझ्याच खुर्चीवरून उठवलं. दाराशी उभा राहून मी बघत होतो: गार वारा त्याच्या पाठीवर, कपबशीत चहा, आणि चिमट्यात कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. "याला म्हणतात हुशारी!" चेअरमन माझ्याकडं बघून म्हणाले. तो जीपमध्ये बसला न बसला तोच कुलर बंद झाला. आता मीच गावोगावच्या संस्थांची मशीनं दुरुस्त करत फिरतो. माझ्यासाठी कुलर लावतात, तिथला ऑपरेटर खुर्ची सोडून दाराशी उभा राहतो. त्याचं उतरलेलं तोंड मी ओळखतो. तरी काम संपल्यावरही त्या खुर्चीवरून मी लवकर उठत नाही.