एक माप खारं पाणी

ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच, कारण ज्या रविवारी हे घडलं त्याच रविवारी मी तिला पहिल्यांदा बघितलं होतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मांजरा नदीकडच्या वाशीच्या अलीकडं आमचं गाव. गावच्या दूध सोसायटीत मी सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे सकाळी दुधाचं माप घ्यायचं, कॅन धुऊन घ्यायचे, महिन्याची मिटिंग झाली की इतिवृत्त लिहायचं. वय बावीस. गावात बाकीच्या विहिरींनी तळ गाठला होता. पिण्याचं पाणी टँकरनं यायचं, तेही दिवसाआड. फक्त सोसायटीच्या मागच्या पायऱ्यांच्या विहिरीत पाणी उरलं होतं, पण ते मचूळ. गाव तिला खारी हीर म्हणायचं. पाणी जसजसं खाली गेलं तसतसं जास्तच खारट झालं. तरी ढोरं प्यायची, धुणीभांडी व्हायची. चेअरमननी दुष्काळ आहे तोवर ती सगळ्या गावाला मोकळी केली होती. सगळ्या म्हणजे बौद्ध वस्तीलाही. वस्तीवरच्या बायका दहानंतर यायच्या, बाकीच्यांचं आटोपल्यावर. तसं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण होतं.

त्याआधी वस्तीनं त्या विहिरीचं पाणी शेंदलेलं नव्हतं. गाळ काढायला मात्र वस्तीतलेच लोक उतरायचे. विहिरीच्या आत गेलेले चालत, काठावरून पोहरा सोडलेला चालत नसे. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

उन्हाळा चढला आणि पाण्यावर हिरवी साय धरली. डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. दूध संघाचे साहेब येऊन नाक धरून गेले. म्हणाले, असल्या पाण्यात कॅन धुणार असाल तर पंधरा दिवसांनी तुमचं दूध बंद. जंतुनाशक पावडर टाकून बघितली, तर ढोरं तोंड लावीनात. शेवटी चेअरमन म्हणाले, "म्हाताऱ्याला विचार. हिरीतलं त्याला कळतं."

म्हातारा म्हणजे वस्तीवरचे एक बाबा. गाळ काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. इथं लिहिताना मी त्यांना अहो-जाहो करतोय. तेव्हा मी त्यांना 'अरे' म्हणत होतो. ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते आणि मला 'तुमी' म्हणत होते.

ते विहिरीत उतरले, बराच वेळ पाण्यात कमरेएवढे उभे राहिले, मग भिजलेले वर येऊन पायरीवर बसले.

"मासे सोडा यात," म्हणाले.

मी हुशारी केली. "मरळ आणू. चांगली हातभर असती. झटक्यात साफ करील."

"व्हय, करील की. सगळं साफ करील, बाकीचे मासेबी. मग त्या मरळीला आवराया काय मगर आणायची?"

कॅन धुणाऱ्या बायका खळाळून हसल्या. मला राग आला, पण ऐकून घेतलं. बाबा बोटांवर मोजत सांगू लागले. भिंतीच्या शेवाळाला गोगलगाई, त्या दगड खरवडून खातात. अळ्यांना बारके मासे, वरच्या वर फिरणारे. तळाला जे मरून पडतं त्याला झिंगे. आणि कासव एकच.

"एकच का? दोन टाकू की."

"दोघांना पुरंल एवढी घाण न्हाय अजून तुमच्या गावात," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघून जरासं हसले. "अन् आपुन समदं घासूनपुसून लख्ख केलं तर ह्यांनी खायाचं काय? थोडी घाण ठिवावी लागती, सेक्रेटरी."

दोन दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी, मांजरेच्या डोहातून त्यांनी सगळं आणलं. चार मातीची मडकी, तोंडाला ओलं फडकं. तांब्याच्या भांड्यात मासा जगत नाही म्हणून मातीची. कासव गोणपाटात होतं. ते त्यांनी लगेच सोडलं. मडकी मात्र पायरीच्या सावलीत मांडली आणि माझं पावशेराचं दुधाचं माप मागून घेतलं.

"हे गोडं पाणी हाय डोहाचं. हिरीतलं खारं. एकदम सोडलं तर मरत्यात. मडक्यातलं एक माप काढायचं, हिरीतलं एक घालायचं. तासा-दोन तासानं परत. सोमवारी सकाळपस्तोर. मग सोडा. मला रस्त्याच्या कामावर दगड फोडाया जावं लागतं, न्हायतर म्याच बसलो असतो हितं. करताल ना?"

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

शुक्रवारी दोनदा घातलं. शनिवारी सकाळी एकदा. मग कामाच्या गडबडीत राहिलं ते राहिलं. आणि रविवारी मामा दारात. ईट गावाला मुलगी बघायला जायचं, एस.टी. साडेसातची. मी इस्त्रीचा सदरा घालून विहिरीवर गेलो. मडकी दिवसभर अशीच ठेवली तर पाणी तापून मरतील, असं स्वतःला सांगितलं. एकेक मडकं उचललं आणि ओतलं. मासे चमकले, खाली गेले. छान दिसलं ते. मडकी पालथी घातली आणि स्टँडकडं पळालो. जाताना कुणी बघितलं नाही.

ईटला पोहे खाल्ले. मुलगी पसंत पडली.

संध्याकाळी परत आलो तर विहिरीवर निम्मं गाव. पाण्यावर मासे पोटं वर करून तरंगत होते. झिंगे तर दिसतही नव्हते. दुपारी बायकांनी बघितलं होतं, आणि दुपारपासून एकच बोलणं चालू होतं. दहाला वस्तीच्या बायका येऊन गेल्या, बाराला मासे मेले. कुणी म्हणालं पाण्यात काहीतरी टाकलं. कुणी म्हणालं टाकायला कशाला पाहिजे. एक जण म्हणाला, "तरी मी चेअरमनला सांगत होतो."

चेअरमन माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला समोर घेतलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "सेक्रेटरी, मासे कुणी सोडले? कधी सोडले?"

मी म्हणालो, "मी तर सकाळीच ईटला गेलो होतो. मामांना विचारा."

मामांनी मान डोलावली. माझं वाक्य खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. तेवढ्यावर त्या संध्याकाळी ठरलं, की उद्यापासून वस्तीनं खाऱ्या विहिरीवर यायचं नाही. मीच ते इतिवृत्तात लिहिलं, चांगल्या अक्षरात.

मंगळवारी बाबा कामावरून आले ते थेट ऑफिसच्या दारात. आत आले नाहीत. मडकी त्यांच्या हातात होती.

"माप घातलं व्हतं का?"

"घातलं की."

त्यांनी एक मडकं माझ्यासमोर धरलं. "खारं पाणी दोन रोज मडक्यात ऱ्हायलं की भाईरून पांढरा खार फुटतो. हे बगा. लाल हाय, घेतलं तवा हुतं तसं."

मी रजिस्टर उघडलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"मला तुमच्या चुकीचं काय न्हाय," बाबा म्हणाले. "पोरगं हाय, चुकतंय. मासे परत आणून देतो. फकस्त मिटिंगीत तुमी एवढं एक बोला, 'मासे माझ्या हातानं मेले.' बायका दोन कोस चालत्यात ओ झऱ्याला. माझी सून ओली बाळंतीण हाय."

"बघतो," मी म्हणालो.

बघतो म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं. पुढच्या मिटिंगीत मी बोललो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लग्न ठरलं होतं. नोकरी जाईल असं वाटलं, सोयरीक मोडेल असं वाटलं. खरं सांगायचं तर लाज वाटली, एवढंच. चार माणसांत हसं होईल याची. उन्हाळाभर रोज अकराच्या सुमाराला त्यांची सून ऑफिसवरून जायची, डोक्यावर दोन हंडे, पोटाशी लेकरू बांधलेलं. मी मान वर करत नसे.

मासे परत कुणी आणले नाहीत. कासव तेवढं जगलं. कॅन टँकरच्या पाण्यात धुऊन आम्ही साहेबांना दाखवले आणि वेळ मारून नेली. पुढं पाऊस झाला, गावात नळ आले. खारी विहीर तशीच पडून राहिली. बाबा वारले तेव्हा मी वस्तीवर जाऊन आलो, लांब उभा राहून. त्यांच्या मुलानं मला सतरंजीवर जागा करून दिली. मी बसलो नाही.

गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलो. सेक्रेटरीपद सोडून बरीच वर्षं झाली, आता नुसता सभासद आहे. सभेत आधी ठराव वाचले, मग ऐनवेळचे विषय आले. आता चहा येणार म्हणून लोक सावरून बसले. मी उठलो. पाय दुखत होते. आधी काय काय जुळवून आणलं होतं ते सगळं गेलं. म्हणालो, "खाऱ्या हिरीतले मासे माझ्या हातानं मेले होते. वस्तीचा काही संबंध नव्हता."

नवा चेअरमन तरणा आहे. "कशातले मासे, काका?" म्हणाला, आणि पुढच्या रांगेत हसू पसरलं. कुणीतरी म्हणालं, "काकांनी मत्स्य सोसायटी काढली का काय?" म्हाताऱ्यांपैकी दोघा-तिघांनी मात्र खाली बघितलं.

मागच्या रांगेतून एक जण उठला. बाबांचा नातू. त्या उन्हाळ्यात पोटाशी बांधलेलं होतं ते लेकरू. आता शाळेवर मास्तर आहे. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. चेअरमनला म्हणाला, "इतिवृत्तात घ्या."

सेक्रेटरीनं लिहिलं.

"वाचून दाखवा."

सेक्रेटरीनं वाचलं, "सोसायटीच्या विहिरीतील मासे मेल्याबद्दल माजी सेक्रेटरींनी खेद व्यक्त केला."

"मासे मेल्याचं नको," मास्तर म्हणाले. "हीर बंद केल्याचं लिहा. कुणाला बंद केली, कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहा."

सेक्रेटरी पोरगेलासा होता. तो पेन धरून चेअरमनकडं बघायला लागला. चेअरमन माझ्याकडं. चहावाला दारात ट्रे घेऊन उभा.

मी पुढं गेलो, खुर्ची ओढली आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवून घेतलं. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. चार ओळी लिहायला बराच वेळ लागला. मास्तर तोवर उभेच होते. लिहून झाल्यावर त्यांनी येऊन ते वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवलं. मी 'वस्तीवरील लोकांस' असं लिहिलं होतं.

"बायकांस," ते म्हणाले. "दोन कोस चालल्या त्या बायका."

मी ते खोडून नीट केलं.