सारजाबाईचा दगड

कापसाचा भाव पडला त्या वर्षांत आर्णीकडच्या एका तलावाकाठच्या वस्तीला फिरायला जायची सवय लावण्यात आली. माणसं घरात बसून खचतात, असं बाहेरगावच्या एका संस्थेला वाटलं. तेव्हा दर रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून तलावाला फेरी मारायची आणि वाटेत गावाच्या गोष्टी सांगायच्या. भावाचं काय, ते संस्थेच्या हातात नव्हतं.

गोष्टी सांगायला नागोराव मिळाले. कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यापासून ते रिकामे होते. तोंड मात्र त्यांचं कधीच बंद पडलं नव्हतं. पक्के बौद्ध. घरात देवाचा फोटो नाही, नवस नाही, अंगाऱ्याची चिमूट नाही.

दोन-तीन फेऱ्यांत खऱ्या गोष्टी संपल्या. मग काठावरच्या एका काळ्या गुळगुळीत दगडाशी लोक थांबले, "याचं काय?" म्हणाले, आणि नागोरावांनी तिथल्या तिथे एक राणी उभी केली. दुष्काळात ती म्हणे या दगडावर बसून रडली आणि तलाव भरला. टाळ्या पडल्या. तो दगड आपल्या बायकोचा, रुखमाबाईंचा, धुणं धुवायचा आहे, हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही. धुण्याच्या दगडाला कोण टाळ्या वाजवतं?

शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या धनीबाईंनी राणी मनावर घेतली. त्यांच्या घरात कापूस पडून होता. त्यांनी दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि नेमका त्याच आठवड्यात भाव थोडा चढला. मग काय, नारळांची रास लागली. रुखमाबाई धुणं घेऊन गेल्या तर बायकांनी त्यांना, अगदी प्रेमानं, चपला काढायला सांगितलं. आणि धुणं दुसरीकडे न्यायला.

"आपन देव सोडले, न् तुमी लोकाइले नवीन करून देऊन राह्यले," रुखमाबाई घरी म्हणाल्या. "माह्या सासूचा दगड होता तो."

"गमतीनं बोललो वं," नागोराव पुटपुटले.

पुढच्या फेरीत दगडाशी आल्यावर त्यांची जीभ काही उचलेना. तेव्हा रुखमाबाईच पुढे झाल्या, धुण्याचं गठुडं काखेत घेऊन.

"रानी-फानी कोनी नाही. हा दगड माह्या सासूनं, सारजाबाईनं, टेकडीवरून डोक्यावर आनला. घाटावर आमच्या बायाइले धुनं धुऊ देत नव्हते, म्हनून. अन् धम्म घेतला त्या साली घरचे सारे देव तिनं याच तलावात बुडवले."

आपल्या आईची एवढी गोष्ट असताना आपण राणी शोधत बसलो, याची नागोरावांना लाज वाटली. धनीबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"एवढं वझं एकली बाई उचलते," त्या म्हणाल्या, "ते काय साधी बाई असन?"

पुढच्या रविवारी दगडावर हिरवं लुगडं होतं आणि मागे ऑइलपेंटनं रंगवलेली पाटी होती: 'सारजामाय प्रसन्न'. ज्या तलावात तिनं देव बुडवले, त्याच्याच काठावर लोकांनी तिला बसवलं होतं. नागोराव लोकांना समजावत राहिले. लोक त्यांच्याच पाया पडू लागले; देवीचा मुलगा ना.

रुखमाबाईंनी वाद घातला नाही. त्या टेकडीकडे गेल्या आणि डोक्यावर दगड घेऊन आल्या. तलावाच्या पल्याडच्या काठावर त्यांनी तो पाण्यात टेकवला, पहिलं लुगडं आपटलं आणि धापा टाकत मागे आलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"फेरी इकडं आली अन् कोनी इचारलं," त्या म्हणाल्या, "तर तुमी म्हना, मले काही मालूम नाही."