तिसरा भाग अमरावतीत आला

पौर्णिमा अकोट आगारात कंडक्टर होती आणि स्वस्थ बसणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. धारणीची गाडी मेळघाटाच्या वळणांवर डोलायला लागली की ती दोन सीटांच्या मधे पाय रोवून उभी राहायची. एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हातानं मशीनमधून तिकिटं काढायची आणि तोंडानं अख्ख्या गाडीचा कारभार चालवायचा. कोणाचं पोतं कुठे ठेवायचं, खिडकीवरून कोण भांडतंय, कोणत्या पोराला उलटी होणार आहे, सगळं तिला दोन सीटा आधीच कळायचं.

त्या डिसेंबरात धारणीच्या स्टँडवर एका म्हातारीची कोंबड्यांची टोपली खाली उतरवून देताना तिचा पाय पायरीवरून निसटला. टोपली तिनं पडू दिली नाही, पण स्वतः पडली. घोट्याचं हाड चिरलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, महिनाभर हा पाय जमिनीला लागता कामा नये.

"महिनाभर?" पौर्णिमा म्हणाली. "डॉक्टरसाहेब, मी घरात बसली तं घरातले लोक पळून जातीन."

घरातले लोक म्हणजे नवरा किशोर. तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता, कपाशीचा हंगाम सुरू होता, त्यामुळे सकाळी पोळ्या-भाजी करून तो निघाला की थेट संध्याकाळी उगवायचा. मुलगी अदिती अमरावतीला शिकायची. पहिले काही दिवस पौर्णिमानं खाटेवर बसून गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवलं. भाजीवाल्याला तिनं गाडी कुठे लावायची ते शिकवलं. मग तेही संपलं आणि ती भिंतीकडे बघत बसली. मोबाइल पाहिला की डोकं दुखायचं. किशोर घरी आला की ती त्याच्यावर खेकसायची आणि मग स्वतःलाच वाईट वाटून घ्यायची.

रविवारी अदिती आली. तिनं आईचं तोंड पाहिलं. पाठीवरची बॅग उघडली आणि खाटेवर पुस्तकांचा ढीग ओतला.

"हे काय?" पौर्णिमानं एक उचललं. मुखपृष्ठावर पावडर लावल्यासारखी गोरी मुलगी आणि तिच्या मागे पाठमोरा मुलगा. "अभ्यासाचे पैसे असे उडवून रायली का तू?"

"मैत्रिणींची हायेत. काही प्रेमाची, काही जादूची. वाच."

"मी दहावीनंतर पुस्तक हातात नाई धरलं."

"मंग आता धर. गाडीतला दांडा तं धरता येत नाई तुले," अदिती म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

पौर्णिमानं ते पुस्तक उघडलं ते निव्वळ चुका काढायला. त्यात बिघडलेले रेडिओ दुरुस्त करणारी एक मुलगी होती आणि संत्र्याची बाग सांभाळणारा एक अबोल विधुर. तो दर आठवड्याला एक चांगला चालता रेडिओ मुद्दाम बिघडवून तिच्याकडे आणायचा. पौर्णिमाला हे दहाव्या पानावरच कळलं, त्या मुलीला शंभर पानं होऊनही कळेना. "अवं पोरी, तार त्यानंच तोडली! पाह्य ना जरा!" ती पुस्तकावर ओरडली. दुपारचं जेवण झाकलेलं तसंच राहिलं. किशोर घरात आला तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती.

तो घाबरला. "पाय दुखून रायला का?"

"नाई. त्यानं सांगितलं शेवटी."

"कोनं?"

"संत्रेवाल्यानं."

किशोरनं गल्लीत डोकावून पाहिलं, कोणी संत्रेवाला दिसेना, मग तो हातपाय धुवायला गेला.

जेवताना ती त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. "मले एक सांगा," ती म्हणाली, "तुमी मले पाह्याले आले होते, तवा तुमाले काय वाटलं होतं?"

 असला प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. "पाह्याले आलो तवा काई नाई वाटलं," तो म्हणाला. "त्याच्या आधी मी तुले पायलं होतं. बाळापूरच्या बाजारात. तुई चप्पल तुटली होती अन तू त्या चपलेले शिव्या देऊन रायली होती. मले वाटलं, हे घरात आली तं घर मुकं नाई रायनार."

"अन हे तुमी आता सांगता?"

"तू आता विचारलं," किशोर म्हणाला आणि खाली मान घालून वरण ओरपू लागला. पौर्णिमाला त्या रात्री प्लास्टर जड लागलं नाही.

मग ती सुटलीच. प्रेमाच्या कादंबऱ्यांचा तिनं फडशा पाडला. जादूच्या मात्र तिनं बाजूला ठेवल्या होत्या. सगळंच खोटं, त्यात काय वाचायचं, असं तिचं मत. पण प्रेमाच्या संपल्यावर नाइलाजानं तिनं एका जाड कादंबरीचा पहिला भाग उघडला. पहिल्याच पानावर धुक्याची एक नदी होती आणि मेघला नावाची तरुण बाई त्या नदीवर नाव चालवत होती. तिच्या नावेला भाडं नव्हतं. चढणाऱ्या प्रत्येकानं एक खरी गोष्ट मोठ्यानं बोलायची. खोटं बोललं की नाव जागची हलायची नाही.

पौर्णिमा ताठ बसली. "म्हंजे कंडक्टरच झाली ना हे!"

शेजारच्या पार्बताबाई तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला अंगणात बसल्या होत्या. सत्तरीची, शेतात राबलेली, फटकळ बाई. "कोन कंडक्टर?" त्यांनी विचारलं.

पौर्णिमानं त्यांना ते पान वाचून दाखवलं. पार्बताबाईंनी शेंगा थांबवल्या नाहीत, पण कान इकडे लावला. "तुया गाडीत असं केलं," त्या म्हणाल्या, "तं धारणीची गाडी अकोटच्या स्टँडातच सडली असती." आणि जरा वेळानं, "मंग पुढं?"

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई शेंगांची दुप्पट मोठी टोपली घेऊन आल्या. दुपार झाली की पौर्णिमा भिंतीला टेकून वाचायची आणि पार्बताबाई ऐकायच्या. शत्रू राजाचा सेनापती रुद्रांग वेश पालटून मेघलेच्या नावेत बसायचा. नदी पार करण्यासाठी त्याला दर वेळी एक खरी गोष्ट सांगावी लागे. मोठी गोष्ट लपवायची म्हणून तो लहान-लहान सांगायचा. मला उंचीची भीती वाटते. माझ्या आईचा आवाज मी विसरलोय. काल मी विनाकारण हसलो. मेघला ऐकायची आणि वल्हं मारायची. 

"याले तिच्याशी बोलाचं हाये, नदी फक्त निमित्त हाये," पार्बताबाईंनी निकाल दिला. "पन येडा हाये, भैताड. असं थोडं-थोडं बोलून कायी होत असते का?"

दुसऱ्या भागाच्या शेवटी राजानं मेघलेवर मंत्र टाकला, तिची वाचा गेली. नाव भर नदीत थांबली आणि पाणी आत शिरू लागलं. नाव हलायला आता लहान गोष्ट पुरणार नव्हती, रुद्रांगनं लपवलेलं खरं सांगायला हवं होतं, आणि खरं हे होतं की ही नाव जाळायलाच तो आला होता. त्यानं तोंड उघडलं आणि पुस्तक संपलं.

"म्हंजे?" पार्बताबाई ओरडल्या. "पान फाटलं का?"

पौर्णिमानं अदितीला फोन लावला. अदिती हसायलाच लागली. तिसरा भाग अजून आलाच नव्हता. येत्या आठवड्यात अमरावतीच्या दुकानात येणार होता.

त्याच संध्याकाळी चंद्रभान भेटायला आला. चंद्रभान म्हणजे धारणीच्या गाडीचा ड्रायव्हर. सहा वर्षं ही दोघं एका गाडीवर होती, पण "चला" आणि "थांबा" याच्या पलीकडे त्यांच्यात फारसं बोलणं झालं नव्हतं. धारणीला गाडी टेकली की तो केबिनमध्ये पेपर तोंडासमोर धरून बसायचा, पौर्णिमा बायकांत जाऊन गप्पा मारायची. त्यानं बोरांची पिशवी खाटेवर ठेवली, "बरं हाये ना ताई?" विचारलं. मग त्याची नजर उशाच्या पुस्तकावर गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कुठवर आल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"नाव बुडून रायली," पौर्णिमा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "चंद्रभानभाऊ! तुमी वाचलं हे?"

"दोनदा."

"कवा?"

"धारणीले. पेपराच्या आत धरून." तो आता थांबेना. "ताई, मले सांगा, रुद्रांग खरं बोलन का नाई? मी म्हन्तो बोलन. त्यानं उंचीची भीती सांगितली ना, तवाच तो हरला होता!"

"बोलला तं मेघला त्याले नावेतून ढकलून देईन!"

"ढकलू द्या ना! पन बोलनं पायजे!"

किशोर चहा घेऊन आला तेव्हा गेली सहा वर्षं मुका वाटलेला माणूस हातवारे करत उभा होता आणि पौर्णिमा प्लास्टरवर थापा मारत होती. चहा गार झाला. अशी पुस्तकं वाचतो म्हणून आगारात लोक हसतील, या भीतीनं चंद्रभाननं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. "घाटात गाडी चालवतानी वाटते कोनाले तरी सांगावं," तो म्हणाला. "अन तुमी मांगंच उभ्या राहत होत्या."

पुस्तक अमरावतीत आल्याचा अदितीचा फोन आला, त्या दिवशी चंद्रभाननं एका सोबत्याशी बदली करून अमरावतीची ड्यूटी मागून घेतली. जाताना पौर्णिमानं त्याच्याकडून वचन घेतलं की तो एकट्यानं वाचणार नाही. संध्याकाळी तो दारात उभा राहिला तेव्हा पुस्तक कागदात गुंडाळलेलं होतं, पण कागदाची एक कड सुटली होती.

"वाचलं?"

"अंजनगावले गाडी थांबली होती," चंद्रभान खाली बघून म्हणाला. "पयलं पान. मंग दुसरं."

"बोलला का तो?" पार्बताबाई कुंपणापलीकडून ओरडल्या.

"सांगू नका!" पौर्णिमा त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली.

रविवारी सकाळपासून वाचन सुरू झालं. अंगणात ऊन आलं होतं. पार्बताबाईंनी त्या दिवशी शेंगा आणल्या नाहीत, हात मोकळे ठेवून बसल्या. चंद्रभान आपली दोन पानं पुन्हा ऐकायला तयार होता. किशोर आतल्या खोलीत विळ्याला धार लावायला बसला होता, पण धारेचा आवाज काही येत नव्हता.

रुद्रांग बोलला. "ही नाव जाळायला मी आलो होतो," तो म्हणाला आणि नाव हलली. चंद्रभाननं मांडीवर थाप मारली. पण मेघलेची वाचा गेलेली, तिला उत्तर देता येईना, आणि मागून राजाचं सैन्य येत होतं. पौर्णिमा वाचत गेली, सैन्याचे घोडे तिच्या आवाजात धावायला लागले. दुपार कलली. घसा बसत चालला होता हे तिला कळलं नाही. शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आवाज असा फाटला की शब्दच उमटेना. पाणी प्यायलं, गूळ खाल्ला, काही उपयोग नाही.

चंद्रभान पुढे झाला, पण चष्मा घरी विसरलेला. पार्बताबाईंना अक्षर येत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत असताना किशोर आतून आला. त्यानं पौर्णिमाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि खाटेच्या कडेवर बसला.

तो बोट ठेवून वाचायचा, जोडाक्षराला अडखळायचा. चंद्रभान ओठांनी पुढचा शब्द सुचवायचा. पैलतीर जवळ आला. मेघला बोलू शकत नव्हती, म्हणून तिनं एक केलं. तिच्या घराण्यात कधी कोणी परक्याच्या हाती न दिलेलं वल्हं तिनं रुद्रांगच्या हातात ठेवलं. मग रुद्रांगचं बोलणं होतं, चांगलं पानभर. तुझ्यावाचून मला कोणताच किनारा नको, अशा थाटाचं. किशोर तिथं आला आणि थांबला. मान, कान, सगळं लालबुंद झालं. त्यानं पार्बताबाईंकडे पाहिलं.

"वाच ना बाप्पा!" पार्बताबाई कडाडल्या. "मी काय नवी नवरी हाव का लाजाले?"

किशोरनं खाकरून घसा साफ केला आणि वाचलं. पहिली ओळ पुटपुटत, दुसरी जरा मोठ्यानं. पानाच्या शेवटाला तो अडखळत नव्हता. पौर्णिमा त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि तिला बोलता येत नसल्यामुळे तिनं फक्त त्याच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती.

"बोलली नाई, तरी बोलली ते," पुस्तक मिटल्यावर पार्बताबाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसून चहा ठेवायला स्वतःच चुलीकडे गेल्या.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी आणखी काही दिवस काठीनं चालायला लावलं. मग पौर्णिमा धारणीच्या गाडीवर परत रुजू झाली. पहिल्याच फेरीला घाटात प्रवासी चकित झाले, कारण ड्रायव्हर आणि कंडक्टर अख्ख्या गाडीच्या डोक्यावरून नव्या पुस्तकातल्या एका राजकन्येवरून भांडत होते. तिनं ड्रॅगनशी लग्न करावं की करू नये, असा तो प्रश्न होता. ड्रॅगन माणूस होऊ शकतो, हा चंद्रभानचा मुद्दा. पौर्णिमाचं म्हणणं, होऊ शकतो तर आधी व्हावं, मग विचारावं.

"अवं बाई, पन तो ड्रॅगन कामाले कुठी हाये?" मागच्या सीटवरून एका बाईनं विचारलं. सगळी गाडी हसली. पौर्णिमा दांड्याला टेकून तिला पहिल्यापासून गोष्ट सांगू लागली आणि हरिसालपर्यंत चार जण सीट बदलून पुढे येऊन बसले.